रान लावावे की येऊ द्यावे?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा एक प्रकल्प करावा लागतो. मी 'आपल्या परिसरातील वनांचा ऱ्हास व उपाय' हा विषय घेतला, कारण त्यावर पुस्तकांत मजकूर पुष्कळ मिळतो असे वरच्या वर्गातील मुलींनी सांगितले होते. मजकूर खरोखरच मिळाला. दोन-तीन पुस्तके समोर ठेवून मी वहीत लिहिले, 'शेळी हा वनांचा प्रमुख शत्रू आहे.' वाक्य मला आवडले. छोटे आणि ठाम होते.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मी काय लिहिते ते ऐकण्याची घरी सर्वांना हौस असते. रात्री मी प्रकल्प मोठ्याने वाचून दाखवला. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खाटेवर बसून ऐकत होते. त्या वाक्याशी ते काही बोलले नाहीत. माझी पहिल्या वर्षाची फी दोन बोकड विकून भरली होती, ही गोष्ट मला वाक्य वाचून झाल्यावर आठवली.

निजण्यापूर्वी ते एवढेच म्हणाले, "पोरी, उद्या रविवार हाये. चाल माह्यासंगं. ई-क्लासवर काय हाये अन् काय नाही, ते डोयानं पाह्य अन् मंग लिही."

या लेखात आहे ते सारे त्या रविवारी आणि त्यानंतरच्या काही रविवारी पाहिलेले, आणि पाहून आल्यावर पुन्हा पुस्तके उघडून पडताळलेले आहे. पुस्तके चुकीची नव्हती, पण मी त्यांतले अर्धेच वाचले होते.

परगावच्या वाचकांसाठी सांगायला हवे की, वऱ्हाडात गावाच्या सामाईक चराईच्या जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. इंग्रजी अमलात जमिनींचे आणि जंगलांचे जे वर्ग पाडले गेले त्यांतले हे नाव आजही आमच्या तोंडी आहे. अनसिंग वाशीम-पुसद रस्त्यावर आहे. गावाचे नाव शृंगऋषींवरून पडले असे सांगतात, आणि ऋषी राहिले त्या अर्थी येथे रान असणारच, असा माझा आपला तर्क. आज आमच्याकडच्या ई-क्लासच्या टेकडीवर रान म्हणावे असे काही नाही. मुरूम, कुसळी गवत, बोरी, तरोटा आणि सीताफळीची झुडपे. मी शाळेत असताना आम्ही मुलांनी याच टेकडीवर झाडे लावली होती. खड्डे खणले, रोपे लावली, फोटो निघाले. मे महिन्यात त्यांतली तीन-चार उभी होती. पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लावली. तेव्हापासून माझी समजूत अशी झाली होती की, या टेकडीवर काही येतच नाही.

आबाजींनी मला पहिल्यांदा दाखवली ती एक बोर. छातीइतकी उंच, जमिनीलगत पसरलेली. मी म्हणाले, "बोर आहे." ते म्हणाले, "आत पाह्य." खाली बसून फांद्या काठीने बाजूला केल्या तेव्हा त्या काट्यांच्या आत निंबाची पाच रोपे दिसली, एक सीताफळ, आणि एक रोप चंदनाचे. बोरीच्या बाहेर चारही दिशांना मी दहा-दहा पावले चालून पाहिले. निंबाचे एकही रोप नव्हते.

हे कोणी लावले? अर्थातच पाखरांनी. पण 'पाखरांनी' एवढ्या उत्तराने भागत नाही. ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण सगळा प्रश्न त्यातच आहे.

झाडाला पाय नाहीत. पोरांना दूर पाठवायचे तर दुसऱ्याच्या पायांनी किंवा पंखांनीच पाठवावे लागते. निंबोळीचा गोड गर ही त्या वाहतुकीची मजुरी. बुलबुल, साळुंकी, कोकीळ, कावळा निंबोळी खातात आणि बी दुसरीकडे टाकतात. पण पाखरू बी वाटेल तेथे टाकत नाही. ते जेथे बसते तेथे टाकते. म्हणून निंब शेताच्या मधोमध न उगवता धुऱ्यावर उगवतो, तारांच्या कुंपणाखाली ओळीने उगवतो, विहिरीच्या काठावर उगवतो. वड-पिंपळ जुन्या भिंतींच्या फटींतून निघतात त्याचेही कारण हेच. उघड्या टेकडीवर बसण्याजोगी जागा म्हणजे बोर. तिच्यावर बसलेल्या पाखराने टाकलेले बी तिच्याच सावलीत पडते. तेथे पालापाचोळ्याची ओल असते, आणि वर काटे असल्यामुळे बकरीचे तोंड तेथवर पोचत नाही. बोर ही निंबाची दाई आहे. आपण लागवडीसाठी जमीन 'साफ' करताना पहिल्यांदा बोरी तोडतो, तेव्हा दाईलाच घराबाहेर काढतो.

निंबोळीचे आणखी एक आहे. तिचा जीव थोडा असतो. आषाढात पडलेली निंबोळी काही आठवड्यांत रुजली तर रुजली, वर्षभर डब्यात ठेवून पेरली तर बहुधा फुकट जाते. मोहाच्या बीचेही तसेच. म्हणून पोचवणारा वेळेवर यावा लागतो.

आईच्या पायाशीच बी पडले तर काय बिघडते, अशी शंका मला आली होती. यावर डॅनिअल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली स्वतंत्रपणे एक विचार मांडला, आणि तो आज दोघांच्या नावाने ओळखला जातो. एका जातीचे बी आणि रोपे खाणारे किडे, तिचे रोग हे त्या जातीच्या मोठ्या झाडाभोवती गोळा झालेले असतात. त्यामुळे झाडाखाली बी सर्वांत जास्त पडते आणि सर्वांत जास्त मरतेही तेथेच. जे दूर जाते त्याला जगण्याची संधी मिळते. घर सोडून तालुक्याला शिकायला गेलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

वाऱ्याने जाणारी झाडे आमच्याकडे पुष्कळ आहेत. पळसाची चपटी शेंग एकाच बीचे वजन टोकाशी घेऊन भिरभिरत जाते, सालई आणि धावड्याच्या बियांना पंख असतात, सावरीला कापूस असतो. त्यांचे काम वारा फुकट करतो, म्हणून त्यांच्याविषयी जास्त लिहीत नाही.

जनावरांनी जाणाऱ्या बियांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. टेकडीच्या माथ्यावर दगडावर कोल्ह्याची विष्ठा होती. आबाजींनी काडीने फोडून दाखवली, आत बोराच्या आठोळ्याच आठोळ्या. गोष्टीतल्या कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली, पण आमच्या कोल्ह्याला बोरे चांगलीच लागतात. टेंभराची फळे कोल्हा, वानर, अस्वल सारेच खातात. मोहाचे फळ वटवाघूळ उचलून दुसऱ्या झाडावर नेते, गर खाते आणि बी खाली टाकते. वटवाघळांची वसतिस्थाने असलेली जुनी झाडे तोडली की मोहाची वाहतूक थांबते. मग मोहाखाली मोहाचे बी सडते आणि आपण म्हणतो मोह कमी झाला.

तथापि पाखरे-जनावरे काही आपल्या सोयीचेच बी नेतात असे नाही. रायमुनियाची काळी फळे बुलबुलच सगळीकडे पसरवतो. परदेशातून शोभेसाठी आणलेले हे झुडूप आज जंगलात दाटले आहे, आणि ते पसरवण्यात निंब पसरवणाऱ्या पाखराचाच हात आहे. रान येऊ द्यायचे म्हणजे हात बांधून बसायचे असा अर्थ मी म्हणूनच करत नाही.

आता बकरी.

बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पिकतात आणि बकऱ्या त्या अधाशासारख्या खातात. शेंगेतल्या बीचे कवच इतके कठीण असते की नुसते पेरले तर पुष्कळ बी पाणी न शोषता तसेच पडून राहते. बकरीच्या पोटातून गेल्यावर ते कवच नरम पडते आणि बी लवकर रुजते. शिवाय शेंगेत एक बारीक भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या बी पोखरतात. बकरीने शेंग लवकर खाल्ली तर बी त्यांच्या तावडीतून सुटते. हे नवे ज्ञान नव्हे. ट्रूप या इंग्रज वनाधिकाऱ्याने भारतातील वृक्षांवर १९२१ साली तीन मोठे खंड प्रसिद्ध केले, त्यात बाभळीचा प्रसार शेळ्या-मेंढ्यांमुळे होतो ही गोष्ट नोंदलेली आहे. वऱ्हाडातील जंगलांच्या जुन्या वर्गवारीत बाभूळबनांना वेगळे स्थान होते. काळ्या जमिनीतल्या त्या बनांवर गुरांचा चारा आणि गावाचे सरपण चाले. ज्या बाभळीचे नांगर-वखर आपल्या आजोबा-पणजोबांनी वापरले, तिचे बी बकरीच्या पोटातून आलेले असण्याचा संभव बराच आहे.

बोराच्या आठोळीसारखे मोठे बी बकरी पोटातून पुढे जाऊ देत नाही. रवंथ करताना ती ते तोंडातून बाहेर टाकते. आमच्या गोठ्यात सकाळी झाडू मारताना आठोळ्यांचा खच निघतो, तो मी लहानपणापासून झाडत आले आहे, पण तो कोठून येतो असे कधी मनात आले नाही. मोरोक्को देशात बकऱ्या अर्गन नावाच्या झाडावर चढून फळे खातात, त्यांची चित्रे तुम्ही पाहिली असतील. स्पेनमधील शास्त्रज्ञांनी २०१७ साली लिहिले की, या बकऱ्या ते कठीण बी रवंथ करताना थुंकतात आणि अशा रीतीने झाडाचा प्रसार होतो. आमच्या गोठ्यातला कचरा मोरोक्कोपर्यंत सारखाच निघाला याची मला गंमत वाटली.

मग शेळी शत्रू नव्हे काय? आहेही. हेच मला त्या रविवारी कळले आणि त्यामुळेच वहीतले वाक्य खोडता येईना. बकरी शेंग खाऊन बी टाकते, आणि त्या बीचे रोप वीतभर झाले की तेच खाते. निंब, चारोळी, धावडा, आपटा यांचे कोवळे शेंडे तिला फार आवडतात. सागाला ती तोंड लावत नाही, सीताफळाचा पाला तिला चालत नाही, तरोटा नको, रायमुनिया नको. म्हणून वर्षानुवर्षे मोकळ्या चराईखाली असलेली टेकडी हळूहळू बकरीने नाकारलेल्या झाडांची होते. आमच्या टेकडीवर एवढी सीताफळी का, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आबाजींनी सांगितले, आणि अगदी अभिमानाने नव्हे.

टेकडीच्या उताराला मागे पाणी जिरवण्याच्या कामात आडवे चर खोदले आहेत. त्यातल्या एका चराच्या भिंतीत मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. वर पळसाची बोटाएवढी काडी, तीन पानांची, बकऱ्यांनी कुरतडलेली. तिच्या खाली चराच्या भिंतीत दिसणारे मूळ माझ्या मनगटापेक्षा जाड! म्हणजे ते रोप नव्हतेच. ते एक म्हातारे झाड होते, दरवर्षी वरून खाल्ले जाणारे, जळणारे, तोडले जाणारे, आणि दरवर्षी पुन्हा फुटणारे. जाळ आणि चराई वरचा कोंब मारतात, मुळाला मारू शकत नाहीत. टेंभुर्णीचे तर मूळ जेथे जेथे वर येते तेथून नवा फुटवा निघतो. सागाचा खुंट तोडला तरी फुटतो. ज्या टेकडीला मी उजाड म्हणत होते तिच्या मुरुमाखाली एक रान झोपलेले होते, आणि आम्ही शाळेतली मुले त्याच्या डोक्यावर खड्डे खणत होतो.

हे ज्यांनी वेळीच ओळखले त्यांची उदाहरणे मोठी आहेत. बंगालमध्ये मिदनापूर जिल्ह्यात अराबारी येथे १९७२ साली अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी गावकऱ्यांशी करार केला: तुम्ही सालाचे खुंट राखा, वनातील उत्पन्नाचा वाटा तुमचा. सालाचे जंगल लावावे लागले नाही, खुंटांतून आले. आफ्रिकेत नायजर देशात टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ रोपे लावून थकले होते. १९८३ साली त्यांच्या लक्षात आले की, शेतांतली खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत खुंट आहेत. शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरचे दोन-चार चांगले फुटवे राखून बाकीचे छाटायला सुरुवात केली, आणि तेथील सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडे परत आली. तेथे कोणी रोपवाटिका काढली नाही.

याचा अर्थ लागवड कधीच करू नये असा नाही. ज्याचे मूळ जमिनीत उरलेले नाही आणि ज्याचे बी आणणारे जनावरही उरलेले नाही, ते झाड माणसानेच आणले पाहिजे. आमच्या टेकडीवर मोह, बेहडा, चारोळी यांचे नाव नाही. ती लावावी, आणि बोरीच्या आडोशाला लावावी. जे आपोआप येते त्याचे खड्डे खणण्यात पैसा घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि जेथे मुळात गवताळ माळ आहे तेथे झाडे लावण्याचा हट्ट तर मुळीच करू नये. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे. काळवीट, तणमोर हे उघड्या गवताचे जीव आहेत. त्यांच्या घरात आपण सावली करू लागलो तर ते कोठे जातील?

रान येऊ द्यायला मग लागते काय? उन्हाळ्यात वणवा लागू न देणे, फुटवे विरळ करणे, आणि काही वर्षे चराई बंद. ऐकायला स्वस्त वाटते. पण यातील तिसरी गोष्ट कोणाच्या खिशातून जाते हे पुस्तकात लिहिलेले नसते. ज्याला शेत आहे, बांधावर चारा आहे, त्याला ई-क्लास बंद झाला तरी फारसा फरक पडत नाही. आमच्यासारख्या दोन एकरवाल्या आणि चौदा बकऱ्यांच्या घराला तो पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९९० नंतर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी केली, मात्र गवत कापून नेण्याची मुभा ठेवली. कापलेले गवत गाई-म्हशींना चालते, बकरीला मात्र पाला लागतो. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १९० हेक्टर उजाड वन गावाने स्वतः राखले, लागवडही केली, आणि पुढे त्याच वनातील सीताफळे व तेंदूपाने विकून उत्पन्न मिळवले. तेथे राखणाऱ्याला आपण कोणासाठी राखतो हे ठाऊक होते. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो.

वर उल्लेखिलेल्या जॅन्झेन यांनीच १९८५ च्या सुमारास कोस्टारिका देशात ग्वानाकास्ते येथे आपल्यासारखेच पानगळीचे रान परत आणण्याचे काम हाती घेतले. तेथे चराईसाठी आफ्रिकेतून आणलेले उंच गवत माजले होते आणि ते दरवर्षी पेटे. त्यांनी आग थांबवली. बी वाऱ्याने, पाखरांनी, जनावरांनी आणले. परंतु गुरे त्यांनी एकदम हाकलली नाहीत. गवत ठेंगणे राहावे म्हणून काही काळ ती तेथेच चारली, आणि आगीवर लक्ष ठेवण्याच्या कामावर त्याच भागातील माणसे घेतली.

हे मी आबाजींना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प होते. मग काठीने जमिनीवर टेकडीचा आकार काढून त्याचे तीन भाग केले. "पयले हे वरचं बंद करा. फुटवे बकरीच्या तोंडाच्या वर गेले का मंग मधलं. खालचं नाल्याकाठचं आखरीले. समदं एकदम बंद करसान, त बकऱ्या काय मानसाच्या घरात बांधाव?" बकरी मागच्या पायांवर उभी राहिली की माणसाच्या डोक्याइतकी पोचते. त्याच्या वर फुटवा जायला चार-पाच वर्षे लागतील असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे तिसरा भाग बंद होईल तेव्हा ते नव्वदीला आलेले असतील. हा हिशेब त्यांनीच केला, मी नाही.

माझ्या प्रकल्पातले ते वाक्य मी बदलले. नवे वाक्य चार ओळींचे झाले आहे आणि पहिल्याइतके ठाम नाही. मॅडमनी त्याखाली रेघ मारून 'कोणत्या पुस्तकातून?' असे विचारले, तेव्हा मी त्यांना टेकडीवर येण्याचे निमंत्रण दिले. त्या डिसेंबरात येऊन गेल्या.

तीन भागांचा विषय आमच्या घरातून ग्रामसभेकडे द्यायचा ठरले आहे. माझ्या वडिलांना सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही, म्हणून अर्ज मी लिहिला आहे. दरम्यान गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आबाजींनी गोठ्यातल्या लेंड्या-कचऱ्याची दोन पोती वरच्या भागातील चरांत नेऊन ओतली. श्रावणात मी जाऊन पाहिले. बाभळीची रोपे बरीच आली होती, बोरी त्याहून जास्त. निंब एकही नव्हता. आबाजी म्हणाले, "काटे त झाले. आता पाखराची वाट पाहू."